एका आवाजाचा नियम

गणपती पेठेतल्या दुकानात मंगलने कापूर मागितला आणि पुडी बांधता बांधता दुकानदाराचा हात थांबला. “तुमचा आवाज कुठंतरी ऐकलाय,” तो म्हणाला. त्याने खिशातून मोबाइल काढला, अंगठ्याने खालीवर करत काहीतरी शोधलं आणि तो तिच्यापुढे धरला. मोबाइलमधून ती स्वतःच बोलू लागली. पलूसजवळच्या शीतगृहातली वायुगळती आटोक्यात आली आहे, ग्रामस्थांनी घाबरू नये, जखमींवर योग्य उपचार सुरू आहेत. ‘घाबरू नये’ म्हटल्यावर तिने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. “कसं बोलल्यात बघा, लोण्यासारखं,” दुकानदार शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाला. “आमच्या हिला ऐकवलं. म्हटलं, असं बोलत जा जरा.” गिऱ्हाइकाने विचारलं, “मग काय म्हणाल्या वहिनी?” “काय म्हणणार? त्या बाईला पगार मिळतो म्हणाली.” दोघं हसले. मग पुडी तिच्या हातात देताना, मेलेल्या माणसाबद्दल बोलताना आणावा तसा आवाज खाली आणून त्याने विचारलं, “त्यात एक ऑपरेटर गेला, नव्हं? त्याचंच चुकलं म्हणतात. वर कळवलंच नाही म्हणे त्यानं.” मंगल हो म्हणाली. तो गेला याला हो, की त्याचं चुकलं याला हो, हे तिला रस्त्यावर आल्यावरही ठरवता येईना. कापराचा वास बोटांना लागला होता. एरवी या वासाने तिचं मन जागेवर यायचं. आता तो नाकात शिरला आणि तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, कारण शीतगृहातला अमोनियाही असाच आधी नाकात जातो आणि मग डोळ्यांत, असं त्या ऑपरेटरनेच, शमशेरनेच, तिला एकदा सांगितलं होतं.

शीतगृहाच्या कंपनीची गाडी कोपऱ्यावर उभी होती. ड्रायव्हर आप्पासो बोनेटला टेकून तंबाखू मळत होता, तिला पाहून त्याने ती घाईने तोंडात टाकली आणि दार उघडलं. “कुंडलला जायाचं नव्हं? साहेबांचा दोनदा फोन आला. मॅडम निघाल्या का, मॅडम निघाल्या का. म्हटलं, मॅडम देवाचं घ्यायला गेल्यात, देवाला आधी विचारा.” ती नुसती हसली. लोक तिच्याशी देवाचा विषय काढून बोलत, त्यात चेष्टा कमी आणि माया जास्त असे, आणि ती माया तिला आवडायची. इतकी आवडायची की कधीकधी देवापेक्षा तीच जास्त आवडते की काय, असं वाटून ती गप्प व्हायची. गाडी माधवनगर ओलांडून नांद्र्याच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच द्राक्षाच्या बागा, बेदाणा वाळवायच्या शेडच्या हिरव्या जाळ्या. सकाळी धैर्यशीलसाहेबांनी तिला केबिनमध्ये बसवून, चहा देऊन, सगळं नीट सांगितलं होतं. कंपनी त्यांच्या वडिलांनी उभी केलेली, ते पुण्याला शिकून आलेले. ते कधी ओरडत नसत. उद्या कारखाना निरीक्षक चौकशीला येणार, मग ते शमशेरच्या घरीही जाणार. त्याआधी घरच्यांना आपल्याकडून कळलेलं बरं. काय कळलेलं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं: संबंधित ऑपरेटरने गळतीची माहिती संकट समन्वयकांना दिली नाही. “यात खोटं काही नाही ना, मॅडम?” त्यांनी विचारलं होतं. नव्हतं. समन्वयक ती होती, आणि शमशेरने तिला फोन केला नव्हता. “मी गेलो असतो. पण ती बाई नवरा गेल्यावरच्या इद्दतीत बसलीय, परक्या पुरुषासमोर येणार नाही. आणि तुमचं ते लोक ऐकतात.”

तुमचं ऐकतात. हे वाक्य तिच्या आयुष्यात फार उशिरा आलं होतं. सातारा जिल्ह्यातल्या तिच्या गावात कुणाचं ऐकलं जात असेल तर ते तिच्या वडिलांचं. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, पहाटे उठायचा तोच आवाज लावत: बंब पेटला का, गाय सोडली का, ही पोरगी अजून कशी लोळतेय. त्या आवाजाने भांड्यांनासुद्धा दचकायला व्हायचं. मंगल उठल्यापासून कुणाशी बोलायची नाही. बोललं की काहीतरी चुकायचं. आई देवापुढे बसली की तीही शेजारी जाऊन बसायची, कारण तेवढ्या जागेत वडील ओरडत नसत. पुढे लग्न होऊन ती सांगलीला आली, नवरा गेला, नोकरी धरली, आणि सकाळचं न बोलणं तसंच राहिलं. कुणीतरी विचारलं तेव्हा ती म्हणाली, मौन आहे. त्या दिवसापासून ते व्रत झालं. उठल्यापासून स्नान, दत्ताची पूजा, पोथीचा अध्याय, तुळशीला पाणी आणि नैवेद्य होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, फोनला हात लावायचा नाही. किती वर्षं ते चाललं. तापात चाललं, महापुरात शेजाऱ्यांच्या गच्चीवर असताना चाललं. मौन सुटल्यावर पहिला शब्द देवाचा उच्चारताना तिला आपला आवाज धुतल्यासारखा वाटायचा. मात्र हल्ली, या काही दिवसांत, तिला पोथीच्या ओळींमधून एकच विचार येत होता. भीतीने गप्प बसलेली एक मुलगी देवघरात लपली आणि तिला कुणी बाहेर काढलंच नाही, उलट तिच्या पाया पडत राहिले. गळतीच्या दुसऱ्या दिवशीही तिने मौन पाळलं होतं. तिसऱ्याही. पाळायचं ठरवून नव्हे, ओठ उघडलेच नाहीत म्हणून.

वसगड्याच्या पुढे रेल्वेचं फाटक लागलं होतं. आप्पासोने गाडी बंद केली, काच खाली केली. “एक विचारू, मॅडम? त्यो नियम आता बदलायचा का? न्हाई, पोरं इचारत्यात.” तिने कोणता म्हणून विचारलं नाही. नियम एकच होता आणि तो तिचाच होता. मागच्या वर्षी बेदाण्याच्या भर हंगामात एका नव्या माणसाने जरासा वास आला म्हणून भोंगा वाजवला. गळती नव्हतीच, नेहमीची तेल बदलताना येते तेवढीच झुळूक. पण निवडणीच्या हॉलमधल्या बायका दाराशी एकमेकींवर पडल्या, गावातली माणसं जनावरं सोडून पळाली, त्याचं चित्रीकरण फिरलं, आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्यांनी माल ठेवायला का-कू करायला सुरुवात केली. मग साहेबांनी तिला पुण्याला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे एका गोऱ्यापान, हसऱ्या बाईने पडद्यावर दाखवलं की संकटापेक्षा संकटाच्या वेळी उठणारे दहा आवाज कंपनीला बुडवतात. मंगलला ते एकदम पटलं. आवाज माणसाला काय करतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. परत येऊन तिने सगळा आराखडा स्वच्छ मराठीत लिहिला, आणि त्याच्या मुळाशी ठेवलं: एक आवाज. भोंगा, कामबंदी, बाहेर फोन, घरच्यांना निरोप, यातलं काहीही समन्वयकाच्या होकाराशिवाय नाही. मदतीला साक्षी नावाची नवी मुलगी दिली होती, जतकडची, घरी कानडी बोलणारी, चारचौघांत बोलताना अडखळणारी. तिला मंगलने कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, वाईट बातमीआधी नाव कसं घ्यायचं, हे पोथी वाचायला शिकवावं तसं शिकवलं. मुलगी इतकी तयार झाली की फोनवर दोघींतला फरक कळेना.

आराखडा समजावून सांगायला तिने सगळ्या पाळ्यांची माणसं हॉलमध्ये बसवली होती. शमशेर मागे, खांबाला टेकून. पांढरी होत आलेली दाढी, बाहीला ग्रीसचा डाग, आणि एक जुनी खोड: यंत्राशी बोलायचा. कॉम्प्रेसर घरघरला की म्हणायचा, काय झालं रं गड्या. त्यानेच हात वर केला. “मॅडम, एक शंका हाय. सकाळी तुमचं मौन असतंय. तवा वास आला तर काय करायचं?” सगळी हसली. ती उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच खुर्चीत बसलेले धैर्यशीलसाहेब म्हणाले, “तेव्हा मॅडमचे दत्तमहाराज बघतील.” पुन्हा हशा. शमशेरही हसला, हात खाली घेत म्हणाला, “मग बरं हाय. त्यास्नी तर रजाबी नसती.” आणि मंगल, त्या हशात, लाजल्यासारखी होऊन खाली बघत हसली. तिला बरं वाटलं होतं. एवढ्या माणसांनी आपलं व्रत आपल्यासारखंच धरून ठेवलंय, मुसलमान माणसानेही ते लक्षात ठेवलंय, याचं बरं वाटलं होतं. नंतर दुसराच कुणीतरी दुसरंच काही विचारू लागला. शंका तिथेच, खांबाशी, बसून राहिली. पुण्याच्या बाईने सांगितलं होतं की प्रत्येक जागी पर्यायी माणूस नेमा. मंगलने रजेसाठी साक्षीला नेमलं होतं, आजारपणासाठी साहेबांना नेमलं होतं. सकाळच्या त्या वेळेसाठी नेमायचं तिच्या मनातच आलं नाही. ती वेळ तिने कधी गैरहजेरीत धरलीच नव्हती.

गाडी हलली. आप्पासो उत्तराची वाट बघत होता हे तिला मानेवरून कळत होतं. “बदलेल,” ती म्हणाली. “कसं हाय,” तो म्हणाला, “वॉचमन तानाजीनं गळतीच्या दिवशी भोंगा वाजवला म्हनून बायका वाचल्या. तर त्याला आता मेमो दिलाय. इचारलं न्हाई म्हनून. आनी शमशेरचाचानं इचारायची वाट बघितली, तर त्यो चुकला म्हनत्यात. मग करायचं काय मानसानं, ते एकदा सांगा की.” त्याचा आवाज रागाचा नव्हता. तो खरंच विचारत होता. तिने काचेतून बाहेर पाहिलं. त्या दिवशी काय झालं ते तिला तुकड्यातुकड्याने कळलं होतं आणि आता ते सगळं तिने पाहिल्यासारखं डोळ्यांपुढे उभं राहायचं. पहिली पाळी नुकतीच लागलेली. बायका हॉलमध्ये डोक्याला फडकी बांधतायत. शमशेरला यंत्रघरात वास येतो, नेहमीच्या झुळुकीपेक्षा दाट. तो घड्याळ बघतो. तानाजी वॉचमन म्हणतो, मॅडमना लावा की फोन. शमशेर म्हणतो, देवाला बसल्या असत्याल, होईल आता, तोवर मी व्हॉल्व्ह बघतो. तोंडाला ओलं फडकं बांधून तो आत जातो. आणि त्याच वेळी तिकडे सांगलीत, विश्रामबागेतल्या आपल्या स्वयंपाकघरात, ती नैवेद्याच्या वाटीभोवती पाणी फिरवत असते, हळूहळू, कारण घाई केली तर पूजेला अर्थ नाही. फोन शेजारच्या खोलीत उशीखाली. तो वाजत नाही. तिला राहून राहून वाटायचं, निदान वाजला असता. वाजला असता आणि तिने उचलला नसता, तर ते पाप तिच्या ओळखीचं तरी झालं असतं.

कुंडलमध्ये शमशेरचं घर मशिदीच्या मागच्या बोळात. दाराशी चपला होत्या, आत बायका बसल्या होत्या. तिला पाहून त्या उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. शमशेरची बायको सुगराबी भिंतीला टेकून बसली होती, पांढरी ओढणी कपाळापर्यंत. मुलगी नौशीन पाणी घेऊन आली. ती पलूसच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती, डोळे कोरडे होते आणि ती मंगलच्या तोंडाकडे बघत होती, दार कधी उघडतं ते बघावं तसं. येताना मंगलने एक गोष्ट ठरवली होती. साहेबांचं वाक्य ती बोलणार नव्हती. ती सांगणार होती की नियम तिचा होता आणि नियमात भोक होतं, त्या भोकातून तुमचा माणूस गेला. आणि उद्या निरीक्षकांपुढेही हेच सांगणार होती. हे मनात म्हणताना तिला किती दिवसांनी श्वास पोटापर्यंत गेल्यासारखं वाटलं होतं. पण सुगराबीच आधी बोलली.

“मॅडम, तुमी आला ते बरं केलं. मला कुनाला तरी सांगायचं हुतं.” तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “त्यांनी मला फोन केला हुता. तितनं, आत जायच्या आदी. म्हनले, वास येतोय, मॅडमला लावू का? मीच म्हनलं, नगा लावू. बाई देवापुढं बसल्यात, त्यांचं मोडंल. कुनाची इबादत मोडू ने. थांबा वाईच म्हनलं. ते व्हय म्हनले आनी ठेवला. माझं चुकलं का वो?”

खोलीत कुठेतरी भांडं निथळत होतं. मंगलला वाटलं, आपण जे सांगायला आलो ते हिने उचलून आपल्या डोक्यावर घेतलंय आणि आता ते मागून घेतलं पाहिजे. ती पुढे सरकली, सुगराबीचा हात हातात घेतला. “नाही,” ती म्हणाली. “तुमचं काहीही चुकलं नाही. शमशेरभाईंचंही चुकलं नाही. नियम मी लिहिला होता. त्यांनी मला आधीच विचारलं होतं, सकाळी काय करायचं म्हणून, आणि मी उत्तर दिलं नाही. चूक आमची आहे. माझी आहे.” तिने हे सगळं सांगितलं आणि सांगता सांगता तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. तोच. शब्दांच्या मध्ये तीच मोकळी जागा, शेवटी तेच अलगद उतरणं. सुगराबी मान हलवत ऐकत होती. मग तिने दुसऱ्या हाताने मंगलच्या हातावर थोपटलं, लहान मुलाला थोपटावं तसं.

“तवाबी तुमी असंच बोलला हुता, मॅडम. फोनवर. म्हनला, तब्येत स्थिर हाय, मिरजेला या, सावकास या. लय बरं वाटलं मला. एसटीत मी समद्यास्नी सांगत हुते, मॅडम स्वता बोलल्या म्हनून.” तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. “आनी ते तर वाटंतच गेले हुते.”

ते खरं होतं. तिच्या आराखड्यात होतं, घरच्यांना टप्प्याटप्प्याने सांगावे. साहेबांनी फोनवर सांगितलं, स्थिर म्हणा, आधी त्यांना दवाखान्यात पोचू द्या. आणि तिने विचारलं नाही. तिला संशय आला नव्हता असंही नाही. संशय आला, आणि आवाज संशयाच्या पुढे निघून गेला. “अम्मी,” नौशीन म्हणाली, “त्या आत्ता खरं सांगतायत.” “असंल बाळा,” सुगराबी म्हणाली. “त्या चांगल्याच हायत. मला बरं वाटावं म्हनूनच बोलनार त्या.” आणि तिने ओढणीचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळायला सुरुवात केली, सावकाश, जणू हा गुंता आता तिचा एकटीचाच होता आणि त्यात कुणी हात घालू नये. मंगलने आणखी एकदा सांगून पाहिलं. मोठ्याने सांगायचा प्रयत्न केला. घशाशी वडिलांचा आवाज आल्यासारखा झाला आणि भीतीने परत खाली गेला. जे बाहेर पडलं ते आणखीनच मऊ होतं. उठताना नौशीनने दारापर्यंत येऊन विचारलं, “उद्या चौकशीचे साहेब येणार म्हणे. त्यांच्यासमोर तुम्ही हे बोलणार?” मंगल म्हणाली, बोलेन. नौशीनने मान डोलावली. तिने विश्वास ठेवला की नुसती रीत पाळली, ते कळलं नाही.

गाडीत बसून तिने धैर्यशीलसाहेबांना फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं: फोन, मौन, सुगराबीने थांबा म्हणणं, हॉलमधली शंका, तिचं उत्तर न देणं, आणि उद्या ती हेच लिहून देणार आहे हे. ते रागावतील असं तिला वाटलं; तिला ते हवंही होतं. “मॅडम,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला होता, खरोखर भरून आला होता, “काय माणूस होता हो. तुमच्या व्रताचा मान राखला त्याने. जीव जाईतो राखला.” मग म्हणाले, “हे लोकांपर्यंत गेलं पाहिजे. आजकाल असं कुठे ऐकायला मिळतं? आपण छोटासा श्रद्धांजलीचा संदेश करू. तुमच्याच आवाजात.” तिने विचारलं, आणि चौकशी? “चौकशीत नियम काय ते बघतात. त्याने कळवलं नाही, ते नाहीच. तेही राहील. माणूस भला होता, हेही राहील. दोन्ही खरंच आहे की.” ती म्हणाली, नाही. मी बोलणार नाही संदेशात. तिने ते स्पष्ट म्हटलं, दोनदा म्हटलं, आणि आप्पासोने आरशातून तिच्याकडे पाहिलं. “ठीक आहे,” साहेब म्हणाले, दुखावले न जाता. “तुम्ही दमला आहात. साक्षी करेल.”

पलूस मागे पडलं. आप्पासोने रेडिओही लावला नाही. तिला कळत होतं की उद्या ती निरीक्षकांपुढे बोलेल, ते लिहून घेतील, मान हलवतील, कदाचित हळहळतीलही. आणि कागदावर एवढंच उतरेल की ऑपरेटर फोन करू शकत होता, त्याने केला नाही. तिने देवाला हाक मारायचा प्रयत्न केला. हाक गेली, पण ती आपल्याच कानात गोड वाटली, म्हणून तिने ती अर्ध्यावर सोडली. रस्त्याकडेला उसाला पाणी सुटलं होतं. फोन वाजला. साक्षी होती. मागे साहेबांचं आणि आणखी कुणाचं बोलणं ऐकू येत होतं. “मॅडम, सॉरी, तुम्हाला त्रास देतेय,” मुलगी कुजबुजत होती, रडून झाल्यासारखी. “त्यांनी लिहून दिलंय आणि लगेच करायला सांगितलंय. तीनदा केलं, साहेब म्हणतात मनाला भिडत नाही. ते वाक्य आहे ना, आमच्या मॅडमच्या उपासनेचा मान राखत शमशेरभाईंनी. तिथं मला जमत नाहीये. ‘मान राखत’च्या नंतर थांबू की सरळ नाव घेऊ?”

मंगलने फोन कानापासून जरा दूर धरला. फोन ठेव म्हणायचं होतं. करू नकोस म्हणायचं होतं. जतमधल्या त्या घराला या मुलीच्या पगाराशिवाय दुसरं काही नव्हतं, हेही आठवत होतं. पलीकडे साक्षी तोंड दाबून हुंदका आवरत होती, आणि कुणी असं आवरायला लागलं की मंगलच्या आतून नेहमी जे आपोआप उठायचं, ते उठलं.

“थांब,” ती हळूच म्हणाली. “घाबरू नकोस. तिथं थोडं थांबायचं, श्वास घ्यायचा. मग नाव घ्यायचं.”